टायम आसा!

हॉकीचा सामना टीव्हीवर बघताना समालोचन बंद करून नुसता मैदानातला आवाज ऐकायची सोय हवी, असं मला नेहमी वाटतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती सोय आपसूक झाली. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी, स्टेडियम रिकामं, त्यामुळे खेळाडू एकमेकांवर काय ओरडतात ते घरबसल्या बरंचसं ऐकू यायचं. ५ ऑगस्ट २०२१ चा जर्मनीविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना बहुतेकांनी पाहिला असेल. आपण १-३ असे मागे होतो, मग ५-४ असे पुढे गेलो, आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर फटका मारायची मोठी संधी मिळाली. तो फटका आपल्या गोलकीपरने, श्रीजेशने, अडवला. मॉस्को ऑलिंपिकनंतर ४१ वर्षांनी हॉकीत पदक आलं. श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला, तो फोटो पुढे घरोघरी पोचला. मला मात्र त्या सामन्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर श्रीजेशचं तोंड. ते मिटलेलं म्हणून दिसत नव्हतं. चेंडू पार पलीकडच्या टोकाला असला तरी हा इकडून कुणाला डावीकडे सरकवतोय, कुणाला मागे बोलावतोय.

गोल अडवणं हे त्याचं काम होतंच. पण ते काम आपल्यावर कमीत कमी वेळा यावं, याची व्यवस्था तो बोलून बोलून लावत होता.

मी पुण्यात कॉलेजात असताना लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळायचे. फार मोठी खेळाडू नव्हते; विद्यापीठाच्या निवडचाचणीपर्यंत गेले आणि तिथून परत आले. लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले तेव्हा स्टिक माळ्यावर गेली. पुढे एका शाळेच्या ऑफिसात लागले, त्या शाळेत मुलींचा हॉकीसंघ सुरू झाला, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलींबरोबर एक बाई हवीच, म्हणून मी मॅनेजर झाले. खेळता येतं म्हणून नव्हे, बाई म्हणून. पण फीच्या पावत्यांचं पुस्तक मिटून संध्याकाळी मैदानावर जायला मिळत असेल तर तक्रार कोण करेल?

मैदान म्हणजे जांभ्याचा तांबडा माळ. पावसात गवत गुडघ्याला लागतं, गणपती झाले की ते कापायचं, दिवाळीनंतर नुसता धुरळा. स्टिकची खालची कड बघता बघता झिजते. चेंडू सरळ येईल याची खात्री नाही. मध्येच खड्याला लागून नडगीपर्यंत उसळतो. गोलपोस्ट लोखंडी पाइपचे, आणि त्यांना लावलेलं जाळं बंदरावरून आणलेलं, मासेमारीतून बाद झालेलं. सुरुवातीला त्याला वास यायचा. फॉरवर्डमधली एक टवाळ मुलगी म्हणाली होती, "सर, ह्या जाळ्यात मासो गावतलो, बॉल गावाचो नाय." दुपार टळली की समुद्रावरून वारा सुटतो आणि बोललेलं अर्धं उडवून नेतो. बाकी सिंधुदुर्गात पोरापोरींचे खेळ म्हणजे क्रिकेट आणि कबड्डी. हॉकी खेळते असं सांगितलं की आधी दोन मिनिटं समजावून सांगावं लागतं.

आमचे सर नौदलातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना सर्व्हिसेसच्या स्पर्धांत खेळलेले. माणूस कमी बोलणारा, आणि नेमका हाच माणूस मुलींना बोलायला शिकवायच्या मागे लागला. आमची गोलकीपर तेव्हा नववीत होती. अंगाने दणकट, नजर चांगली, पाय भराभर हलायचे. पण तोंडातून शब्द नाही. गोल झाला की मान खाली, अडवला तरी मान खाली. सरांनी एके दिवशी तिचे पॅड काढून घेतले, हेल्मेट काढून घेतलं आणि तिला गोलच्या मागे, जाळ्यापलीकडे उभं केलं. गोल मोकळा. पुढे चार बॅक आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या सहा फॉरवर्ड. "तू हात लावूचो नाय," सर म्हणाले, "आज तुझ्या तोंडान गोल अडव."

पहिला अर्धा तास धडाधड गोल झाले. ही जाळ्याला बोटं अडकवून उभी. शेवटी राइट बॅक वळून तिच्यावरच खेकसली, "अगो, बोल तरी काय ता!" तेव्हा कुठे तोंड उघडलं. आधी नुसतं "अगो, अगो". मग नावं. मग "उजवीकडसून!" एकदा तिने लेफ्ट बॅकला नावाने हाक मारून दोन पावलं आत घेतलं आणि पास बरोबर तिच्या स्टिकवर आला. लेफ्ट बॅकला कळलंच नाही की आपण काय केलं. गोलच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला मात्र कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी तिने वाचवलेल्या एकाही गोलनंतर पाहिलं नव्हतं.

हॉकीत आवाजाला एवढी किंमत का, हे ज्याने स्टिक धरलीय त्याला लगेच समजतं. चेंडू जमिनीवर, स्टिक जमिनीला, म्हणजे नजरही जमिनीला. पास घ्यायच्या क्षणी खेळाडू जवळजवळ आंधळी असते. मागून कुणी येतंय का, किती जवळ आलंय, मान वर करून बघायला वेळ आहे का, यातलं तिला काही दिसत नाही. तिचे डोळे त्या क्षणापुरते दुसरीकडे असतात, आणि त्या दुसरीने ते वापरून सांगावं लागतं. आमच्या मुलींत दोनच हाका चालतात. "मागसून इली!" म्हणजे चेंडू ताबडतोब सोड. आणि "टायम आसा!" म्हणजे जवळ कुणी नाही, थांब, मान वर कर, बघून दे. पहिली हाक सगळ्यांना पटकन जमली, कारण धोका दिसला की माणूस ओरडतोच. दुसरी जमायला पूर्ण एक हंगाम गेला. सगळं ठीक आहे हे ओरडून सांगायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

सोबतीच्या खेळाडूचा खेळ वाढवायचा म्हणजे नक्की काय करायचं, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. बक्षीस समारंभाला येणारे पाहुणे एकजुटीवर बोलतात, संघभावनेवर बोलतात. माझा अनुभव जरा कोरडा आहे. तिला एक सेकंद जास्त मिळेल असं काहीतरी करायचं, बस. हाक मारून, पास नीट देऊन, पळून जागा करून, नाहीतर वेळेवर बाहेर पडून. जी साधी खेळाडू एक सेकंद जास्त मिळाल्यावर चांगली दिसते, ती तो सेकंद न मिळाल्यावर वाईट दिसते, आणि आपण तिला वाईट ठरवून मोकळे होतो.

पासचंच बघा. हॉकीची स्टिक एकाच बाजूने खेळायची असते, सपाट बाजूने. स्टिकची पाठीची बाजू चेंडूला लागली की फाउल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकसुद्धा नसते; सगळे उजवे. म्हणून पास तुमच्या उजव्या अंगाला आला तर तो घेऊन तुम्ही लगेच पुढे निघता, आणि डाव्या पायावर आला तर आधी पाय काढा, मग स्टिक उलटी करा, मग चेंडू सावरा. एवढ्यात समोरची येऊन उभी राहते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं की हिच्याकडून चेंडू गेला. देणारी तोवर दुसरीकडे पळालेली असते. सरांनी एक नियम केला होता: पास हुकला की चूक देणारीची, घेणारी कितीही गचाळ असली तरी. मला तो नियम अन्यायाचा वाटायचा, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. काही मुली खरंच गचाळ घेतात. पण त्या नियमाने एक झालं. देणारी पोरगी देण्याआधी समोरचीकडे बघायला लागली. ही कुठल्या पायावर आहे, हिचा उसळता चेंडू सुटतो का, हिला हळू द्यावा का. आमच्या माळावर तर चेंडूचा वेग ठरवणं ही स्वतंत्र विद्या आहे. जोरात मारला तर खड्यावरून उडणार, हळू मारला तर गवतात बसणार.

ध्यानचंदचं नाव घेतलं की आपल्याला एकट्याने सगळ्यांना चकवत जाणारा जादूगार आठवतो. पण १९३६ ला ऑलिंपिकसाठी बर्लिनमध्ये पोचल्यावर जर्मनीकडून सरावसामना हरल्यावर संघाने काय केलं? भारतातून अली दारा या फॉरवर्डला बोलावून घेतलं. तो विमानाने गेला आणि ध्यानचंदच्या शेजारी खेळला. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ८-१. ध्यानचंदलासुद्धा शेजारी योग्य माणूस लागत होता. हा त्याचा कमीपणा नाही, उलट त्याला स्वतःचा खेळ कशावर उभा आहे ते नेमकं ठाऊक होतं, असं मी मानते.

आमच्याकडे डबलबारीचं भजन ऐकणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. बुवांचा आवाज वरच्या पट्टीत अडखळणार असं दिसलं की कोरसमधला जाणता माणूस ओळ अर्धा श्वास आधीच उचलतो, पखवाजवाला ठेका किंचित भरतो, आणि बुवा त्यावर पाय ठेवून वर जातात. मंडपातले लोक म्हणतात, काय आवाज लागला बुवांचा आज! कोरसवाल्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. निदान तो तसं दाखवत नाही.

हॉकीत असं नाव न होणारं सगळ्यात अवघड काम कुठलं, तर पेनल्टी कॉर्नर अडवताना पहिलं धावणाऱ्याचं. गोलकीपर आणि चारजण गोलरेषेमागे उभे असतात. चेंडू आत ढकलला गेला की त्यांतला एक सरळ गोलसमोरच्या वर्तुळाच्या टोकाकडे सुटतो. तिथे समोरचा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे चेंडू स्टिकने ओढून गोलमध्ये भिरकावणारा, उभा. त्याने फ्लिक मारायच्या आत त्याच्या रेषेत जायचं. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे येतो. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड, हातात ग्लोव्ह, तरी लागायचं तिथे लागतंच. हा माणूस चेंडू अडवतो असंही दर वेळी नाही. पुष्कळदा तो फक्त एक बाजू बंद करतो, म्हणजे मागच्या गोलकीपरला दुसरी एकच बाजू सांभाळायची उरते.

भारताच्या संघात बरीच वर्षं हे काम अमित रोहिदासचं. म्हणून ४ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये, ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याची स्टिक समोरच्याच्या डोक्याला लागली होती. मुद्दाम की अनवधानाने, यावर लोक अजून भांडतात. लाल कार्ड म्हणजे पुन्हा आत येणं नाही, आणि बदली खेळाडूही नाही. जवळजवळ त्रेचाळीस मिनिटं दहाजणांनी खेळायचं.

तो सामना मी मुलींना शाळेच्या प्रोजेक्टरवर नंतर पुन्हा दाखवला. पूर्ण, न थांबवता. त्यांना सांगितलं, चेंडू बघू नका, चेंडूपासून लांब असलेल्यांना बघा. फॉरवर्ड आपल्या वर्तुळापर्यंत मागे येत होते. मनप्रीतसारखा मधल्या फळीत आयुष्य घालवलेला माणूस बचावात उतरला होता. प्रत्येकजण आपल्या कामाशिवाय रोहिदासच्या कामाचा एक एक तुकडा उचलत होता. त्या दहाजणांतच हरमनप्रीतने गोल केला, ब्रिटनने फेडला, १-१ वर शूटआउट आणि तिथे ४-२. शेवटचा फटका राजकुमार पालचा. ड्रेसिंगरूममध्ये रोहिदासने ती त्रेचाळीस मिनिटं कशी काढली असतील, हा प्रश्न आमच्या राइट बॅकने विचारला. कुणाकडेच उत्तर नव्हतं. बंदीमुळे उपांत्य सामना त्याच्याविना झाला आणि जर्मनीकडून २-३ हरलो. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात तो परत आत होता. आपण २-१ जिंकलो. आपल्या माणसाची चूक भरून काढली म्हणजे त्याच्यावर उपकार केले, असं त्या संघात कुणाच्या वागण्यात तरी दिसलं नाही. हे मला जिंकण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आमच्या मैदानावर एखादीची चूक दुसरीने सावरली तर ती पुढचे आठ दिवस ऐकवली जाते.

बदली खेळाडूंचा विषय आला की सरांचा आवाज पहिल्यांदा चढतो. हॉकीत कितीही वेळा आतबाहेर करता येतं. पंधरा पंधरा मिनिटांचे चार भाग, आणि वरच्या पातळीवरचे फॉरवर्ड एका वेळी चार-पाच मिनिटंच जीव तोडून पळतात, मग बाहेर. मध्यरेषेपाशी यायचं, बाहेरचीने आत जायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे बाहेर बोलावणं म्हणजे शिक्षा. क्रिकेटमध्ये आउट झाल्यासारखं तोंड करून, पाय ओढत, वाटेत बुटाची नाडी बांधत मुली बाहेर येतात. तेवढा वेळ बाहेरची रेषेवर ताटकळते आणि आतल्यांची जागा रिकामी राहते. सरांनी त्यावर धावत बाहेर यायचा दंडक घातला. जी चालत येईल ती पुढचा पूर्ण भाग बाहेर. आठवडाभर रडारड झाली. एका मुलीच्या वडिलांनी येऊन मला ऑफिसात विचारलं, "माझ्या चेडवाक भायर कित्याक काढलास?" मी म्हटलं, परत आत धाडण्यासाठी. त्यांना ते पटलं नाही. सामन्याच्या वेळी रेषेबाहेर उभं राहून आपल्या मुलीला "तूच मार!" सांगणारे पालक आमच्याकडे आहेत. त्यांच्याविषयी मी इथे जास्त लिहीत नाही, कारण ते हे वाचतात.

मग कोच नेमकं काय करतो? ज्याला ओरडता येतं तो कोच, असं समजणारे बरेच आहेत. टोकियोत भारताचा पुरुष संघ दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा फुटला. दोन दिवसांनी स्पेनशी गाठ होती. प्रशिक्षक ग्रॅहम रीड स्वतः ऑस्ट्रेलियन. सात गोल घेतलेल्या गोलकीपरला बसवायचा मोह कुणालाही झाला असता. गोलमध्ये श्रीजेशच होता, आणि स्पेनला एकही गोल करता आला नाही. ३-०. त्याच ऑलिंपिकमध्ये मुलींचं तर याहून कठीण होतं. नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४, पहिले तिन्ही सामने गेले. तिथून आयर्लंडवर १-०, मग दक्षिण आफ्रिकेवर ४-३, त्यात वंदना कटारियाचे तीन गोल, आणि २ ऑगस्टला उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियावर गुरजीतच्या एका गोलने विजय. शेवटी चौथ्या आल्या. श्योर्ड मरीन्ये या डच प्रशिक्षकाने बंद दाराआड काय सांगितलं असेल ते असो. पण तीन सामने हरलेल्या संघातल्या मुली चौथ्या सामन्यात एकमेकींना पास देत होत्या, एकट्याने नाव काढायला पळत नव्हत्या. हरणाऱ्या संघात सगळ्यात आधी बंद होतं ते हेच.

आम्हाला हे घाट चढल्यावर कळलं. सिंधुदुर्ग क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात येतो, त्यामुळे जिल्हा जिंकला की समोर कोल्हापूर, सांगली, सातारा. आणि सातारा म्हणजे वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या भारताकडून खेळलेल्या मुलींचा जिल्हा. तिकडच्या पोरी स्टिक हातात घेऊनच जन्मल्यासारख्या खेळतात. आमच्यावर झालेले गोल मोजणं मी मध्यंतरानंतर सोडून दिलं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोलेना. आंबोलीला चहासाठी थांबलो. धुकं, समोर गरम वडे, आणि सरांनी खिशातून वही काढली. मला वाटलं, आता चुका वाचणार.

त्यांनी सामन्यातला एकच तुकडा लिहिला होता. दुसऱ्या भागात सलग सात पास. "सांगा," म्हणाले, "पहिलो कोणी दिलो?" राइट बॅक म्हणाली, मी. दुसरा? तिसरा? चौथ्यावरून दोघींत भांडण लागलं, ते वडे संपेपर्यंत चाललं. पाचवा सापडला. सहावा लेफ्ट इनने, म्हणजे डावीकडून आत खेळणाऱ्या फॉरवर्डने, मधून दिला होता, थेट वर्तुळात. "तो जायला जागा कशी झाली?" सरांनी विचारलं. सगळ्या गप्प. लेफ्ट इन बराच वेळ विचार करत होती. मग तिने बोट दाखवलं ते आमच्या सगळ्यात लहान, सगळ्यात टवाळ फॉरवर्डकडे. ही त्या वेळी उगाचच कॉर्नरकडे पळाली होती आणि त्यांच्या दोघी हिच्या मागे गेल्या होत्या. "मी? मी तर बॉलाक हातसुद्धा लावलंय नाय," ती म्हणाली. सरांनी वही तिच्यासमोर धरली. सहाव्या पासच्या वर, बाजूला बाण काढून, तिचं नाव लिहिलेलं होतं. त्या सात पासांतून गोल झाला नव्हता, साधा कॉर्नरही मिळाला नव्हता. पण आंबोलीपासून खाली सावंतवाडीपर्यंत गाडीत जो गलका झाला, तो ऐकून ड्रायव्हरने विचारलं, जिंकलात काय?

ऑस्ट्रेलियाचा रिक चार्ल्सवर्थ मला आवडतो. डॉक्टर, क्रिकेटपटू, खासदार, आणि त्याच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी १९९६ आणि २००० अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. कायमची एकच कप्तान ही कल्पना त्याला फारशी रुचत नसे. जबाबदारी अनेकींत वाटण्याकडे त्याचा कल. मी हे सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, त्या बायका. ही चेडवां." मला अजूनही वाटतं की त्यांचं चुकतं. पंधरा वर्षांच्या मुली घरी धाकटी भावंडं सांभाळतात, आजारी आजीला बघतात. त्यांना मधल्या फळीची जबाबदारी झेपत नाही, हे मला मान्य नाही. आमचा वाद चालू आहे.

धनराज पिल्लेची गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही प्रिय. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतलं घर, पैशांची ओढाताण. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खतकंपनीकडून लीग खेळायचा, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या थळला जिचा कारखाना आहे तीच कंपनी. धनराज त्याच्यापाठोपाठ मुंबईला आला. स्ट्रायकर म्हणून तो घडला त्यात भावाचा वाटा, आणि पुढे महिंद्राकडून खेळताना प्रशिक्षक जोकिम कार्व्हालोचा. चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप, १९९८ च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण कप्तान म्हणून. रमेशही भारताकडून खेळलेला, पण त्याचं नाव किती जणांना आठवतं? धाकट्याला आपल्यापेक्षा मोठं होताना बघणं आणि त्याला पास देत राहणं, हे सख्ख्या भावालाही सोपं नसतं.

आता टोकियोतली एक गोष्ट, जी सर मला मुलींना सांगू देत नाहीत. सिमरनजीत सिंग आधी जाहीर झालेल्या सोळांत नव्हता. राखीव होता. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा मिळाली आणि जर्मनीविरुद्धच्या त्या ५-४ मध्ये दोन गोल त्याचे. यंदा नेहरू चषक या शालेय हॉकी स्पर्धेच्या यादीतून एक मुलगी वगळावी लागली, तेव्हा मी ही गोष्ट तिला सांगणार होते. सरांनी अडवलं. "ज्याका नंतर मिळाला, त्याची गोष्ट ती. हिका मिळाला नाय तर?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी तिला बोलावून सरळ सांगितलं की तू यादीत नाहीस, आणि कारणही सांगितलं: तुझा रिव्हर्स, म्हणजे उलट्या स्टिकचा खेळ, कच्चा आहे. ती रडली. मग त्यांनी तिच्या हातात स्टॉपवॉच आणि वही दिली. कोण किती वेळ आत आहे ते लिहायचं, आणि कोण दमलंय ते मला सांगायचं. मला ते तिची समजूत काढण्यासाठी दिलेलं काम वाटलं. तिलाही तसंच वाटलं असणार, कारण पहिला सामना ती नुसते आकडे लिहीत बसली.

दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या भागात ती उठून सरांकडे गेली. "सर, सात नंबर भायर काढा. ती धावणा नाय, चलता."

"अजून दोन मिनिटां."

"नाय सर. आत्ता."

सर तिच्याकडे बघत राहिले. सात नंबर म्हणजे आमची सगळ्यात चांगली फॉरवर्ड. त्यांनी तिला बोलावलं. ती धावत बाहेर आली खरी, पण चिडलेली, पाण्याची बाटली हिसकावून घेऊन बाकावर बसली. स्टॉपवॉचवाली वही घेऊन तिच्या शेजारी सरकली आणि बोलायला लागली.

"त्यांची लेफ्ट बॅक बघितलंस? दरवेळी आतच वळता. तू आतसून जातंस म्हणान अडकतंस. भायरसून जा."

"खरा?"

"मी तीन वेळा लिवलंय."

सात नंबरने वही घेऊन बघितली. चार मिनिटांनी ती परत आत गेली, आणि बाहेरून गेली.